चौदा पॉइंट वीस

विट्यात, यंत्रमागांच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस.
खाली धोटा पळतो, वर टेबल थरथरतं,
आणि स्क्रीनवर मी जमीन भरत बसते,
वरून खाली.

शून्य ते एक पॉइंट दहा, काळी माती.
मग मुरूम, पिवळसर. मग झिजलेला बेसॉल्ट, मग मांजऱ्या,
मग अर्धा मीटर तांबडा गेरू,
दोन लाव्हांमधली सुट्टी.
यादी उघडायची, नाव निवडायचं,
की रकान्यात नक्षी आपोआप उतरते:
मुरमाला ठिपके, पाषाणाला बारीक व्ही,
गेरूला आडव्या रेघा.
आईला दाखवलं तर म्हणाली, काठ बरा आहे गं,
पण पदर कुठाय?

डाव्या हाताला बशीरचाचा मुलाणींची वही.
येरळेच्या पात्रात, भाळवणीच्या अलीकडं,
पुलाच्या चौथ्या खांबाच्या जागी
अकरा दिवस त्यांनी भोक पाडलं.
वहीला डिझेलचा वास.
नऊ मीटरवर चहाच्या कपाचा गोल.
आणि शब्द असे, जे कुठल्याच यादीत नाहीत:
'बोदा दगड.' 'चिवट, बिट खाल्ला.'
'हितं खडक घामेजला.'
'रात्री साडेतीन. यंत्र गप.'

घामेजला, त्याचं मी ओलसर केलं.
खाल्ला, त्याचं अतिकठीण.
गपचं काय करायचं ते कळेना.

चौदा पॉइंट वीस ते पंधरा पॉइंट शून्य पाच,
वहीत नुसती एक आडवी रेघ.
कोअरच्या पेटीत तेवढ्याच लांबीचा लाकडी ठोकळा.
मी फाइल बनवायला सांगितली
तर लाल खिडकी उघडली:
थरांमध्ये खंड आहे.
याला पृथ्वी सलग हवी.

होनराव साहेब सांगलीहून फोनवर:
"वरचाच थर खाली ओढ. माउस धरायचा, ओढायचा.
सकाळी नवाच्या आत बांधकाम खात्यात पीडीएफ पाहिजे."

ओढला.
पंच्याऐंशी सेंटिमीटर बेसॉल्ट, एका बोटानं,
निवायलाही वेळ लागला नाही त्याला.
आणि खोटं कशाला सांगू,
छान दिसत होतं.

माझा भाऊ गलाईच्या कामाला सेलमला असतो.
सोन्यातली भेसळ आगीत कळते, म्हणतो.
कागदातली कशात कळते
हे त्याला कधी विचारायची वेळ आली नव्हती.

पावणेदहाला चाचांना फोन लावला.
पलीकडं दुसऱ्याच कुठल्या जमिनीत इंजिन धडधडत होतं.
"चौदा-वीस? हां, हां. तिथं रॉड पडला, पोरी.
आपसूक. हाताखालनं गेला.
सोडलेलं पाणी परत वर येईना.
दगड न्हवता एवढं नक्की.
काय व्हतं ते मी बघितलं न्हाई,
म्हणून रेघ मारली.
न बघितलेलं कसं लिहू?"

फोन ठेवला आणि एक पाऊल मागं गेले.
सॉफ्टवेअरमध्ये ते जमतं.
मग यादी खाली, खाली, अजून खाली,
ग्रॅनाइट, चुनखडक, आपल्याकडं न सापडणारं सगळं ओलांडून
अगदी तळाला: इतर.
तिथं लिहिलं, पोकळी. रॉड पडला. पाणी परत आलं नाही.
नक्षी: कोणतीही नाही.

लाल खिडकी आली नाही.

चार पानं झाली. तिसऱ्यावर
पाषाणाच्या काळ्या व्हींमध्ये एक पांढरा तुकडा,
प्रिंटरची शाई संपल्यासारखा.
'खोदणार'च्या रकान्यात आम्ही यंत्राचा नंबर टाकतो.
तो खोडून टाइप केलं: बशीर अमीन मुलाणी.
'नोंद करणार': वै. शि. सूर्यवंशी.

खाली पाळी सुटली. माग थांबले.
टेबल एकदम स्थिर,
आणि त्यावर साहेबांचा फोन
थरथरत, गोल फिरत
कडेकडं निघालाय.
मी बघत्येय, कुठवर जातो.